मंगळवारच्या मालकीणबाई

"'मालकीणबाई स्वतः टेबलापाशी आल्या. पोरांना पिझ्झा कापून दिला, चीज पुरलं का विचारलं, निघताना दारापर्यंत सोडायला आल्या. घरी जेवल्यासारखं वाटलं. पाच तारे.'"

मी फोनवर वाचता वाचता थांबले. "अहो, हे आपल्याबद्दल आहे?"

भरतेश पिठाचे गोळे करून ट्रेमध्ये मांडत होते. मान वर न करता म्हणाले, "चुकून टाकलं असेल कुणीतरी. दुसऱ्या दुकानाचं आपल्या नावावर."

"'तिकोन पिझ्झा, विश्रामबाग' असं स्पष्ट लिहिलंय."

"मग तुझं कौतुक आहे ते. घे की."

मला हसू आलं. कारण माझी ख्याती अगदी उलट होती. त्याच्या आधीच्याच महिन्यात कॉलेजच्या एका मुलानं लिहिलं होतं, 'पिझ्झा एक नंबर, पण काउंटरवरच्या मॅडम बिल असं देतात की जणू आपण त्यांच्या घरात घुसलोय.' मुलगा खोटं बोलत नव्हता. मी काउंटर सोडत नसे. बिल करायचं, सुटे द्यायचे, 'पार्सल की इथं?' एवढं विचारायचं. त्यापलीकडे माझ्या तोंडून शब्द निघत नसे.

तशी मी पहिल्यापासून नव्हते. लग्न होऊन सांगलीत आले तेव्हा सासूबाई म्हणायच्या, पद्मजा दारात आलेल्या पोस्टमनलाही चहाला बसवते. मग आमची मुलगी झाली. आठव्या महिन्यात, अचानक. भरतेश कारखान्याच्या कामानं कऱ्हाडला होते. निरोप मिळाल्यावर धो धो पावसातून गाडी मारत आले आणि वेळेवर पोचले. मुलगी मात्र सकाळपर्यंतच राहिली. तिचं नाव ठेवायचं राहून गेलं. त्यानंतर मला माणसं नकोशी झाली. कुणी बोलायला आलं की मी आत जाऊन भांडी घासायला घ्यायची, घासलेलीच.

'तिकोन' ही भरतेशची कल्पना. नोकरी सोडली, एक ओव्हन घेतला, हमरस्त्याच्या आतल्या गल्लीत गाळा बघितला. शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण नको असेल तर तसाही पिझ्झा मिळेल, असा बोर्ड लावला. आमच्या जैन समाजातल्या बायका तेवढ्यासाठी लांबून यायच्या. मला माणसांत आणायचं म्हणून त्यांनी हे सगळं केलं, हे मला कळत होतं. पण काउंटरची फळी मध्ये होती ती मला बरी वाटायची.

तो पाच ताऱ्यांचा अभिप्राय बुधवारी सकाळी दिसला होता. त्यावर तारीख मंगळवारची होती. आणि मंगळवारी मी दुकानात नसायचेच. दर मंगळवारी सकाळी चीज, खोकी, ऑलिव्ह आणायला एसटीनं कोल्हापूरला जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे.

पुढच्या आठवड्यात आणखी एक आला. 'बेस जरा जाड आहे, सॉस गोडसर. पण मालकीणबाईंसाठी परत येणार. माझी आई गेल्यापासून कुणी इतक्या मायेनं वाढलं नव्हतं.' मग आणखी एक, 'एसी चालत नाही, बाकी ठीक. मॅडम फार बोलक्या.' सगळे मंगळवारचे.

"तुम्ही कुणाला मदतीला बोलावता का?" मी विचारलं.

"मी? नाही गं. मल्लाप्पा आणि मी. दुसरं कोण असणार?"

मल्लाप्पा मागच्या खोलीत पीठ मळायचा आणि भांडी बघायचा. गिऱ्हाइकाचं तोंडही त्याला दिसत नसे. मी विषय सोडून दिला.

मग एका गुरुवारी इनामदार काकू आल्या. काकू निवृत्त शिक्षिका, पलीकडच्या अपार्टमेंटमध्ये एकट्या राहायच्या. पनीर पिझ्झाचे बारीक तुकडे करून मागायच्या आणि दर खेपेला आपलं मत ऐकवायच्या. "बेस अजून मऊ करा हो, माझ्या कवळीचा विचार करा जरा." त्या दिवशी बिल देताना त्या माझ्याकडे बघून थबकल्या.

"आज तोंड का असं? परवा किती छान बोलत होतीस."

"परवा मी कोल्हापूरला होते काकू."

"काहीतरीच. माझ्यासमोर बसून लोणच्याची कृती सांगितलीस की." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "आणि आज छोटी कुठाय?"

"कोण छोटी?"

"अगं, तुझी लेक! सगळ्या टेबलांवर नॅपकिन लावत होती, शहाण्यासारखी. पुढचा दात पडलाय तिचा, हसली की इतकी गोड दिसते."

माझ्या हातातले सुटे पैसे काउंटरवर सांडले. मागे भरतेश ओव्हनपाशी उभे होते. ते वळले नाहीत. त्यांच्या हातातल्या लांब दांड्याच्या फावड्यावर पिझ्झा तसाच होता. त्यांनी तो आत सरकवला नव्हता की खाली ठेवला नव्हता.

काकू गेल्यावर मी म्हटलं, "ऐकलंत?"

"वय झालंय त्यांचं," ते म्हणाले. "कुठलं तरी कुठं जोडत असतील."

दुसऱ्या दिवशी ते बँकेत गेले असताना मी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. आमच्याकडे एकच कॅमेरा होता, दार आणि टेबलं दिसतील असा. ओव्हन आणि काउंटर त्यात येत नसत. मंगळवार दुपार काढली. काकू कोपऱ्यातल्या टेबलाशी एकट्या बसलेल्या. समोरची खुर्ची रिकामी. आणि काकू त्या खुर्चीशी बोलत होत्या. मध्येच थांबत होत्या, ऐकत होत्या, मान हलवत होत्या, हसत होत्या. मी म्हटलं, म्हातारी बाई, एकटी असते, होतं असं.

मग दारातून एक तरुण जोडपं आलं. आत पाऊल टाकताच दोघांनी एकदम डावीकडे बघितलं आणि नमस्कार केला. तिथं कुणी नव्हतं. दोघं बसले. थोड्या वेळानं तो तरुण खुर्चीतून वाकला, टेबलाच्या उंचीवर कुणाकडे तरी बघत हसला आणि हात पुढे केला. हवेत हात धरून त्यानं तो हळूच वरखाली हलवला. लहान मुलाशी शेकहँड करतात ना, अगदी तसा.

मी ते परत परत बघितलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही. सहा-सात वर्षांची. पुढचा दात पडण्याचं वय. बरोबर तेवढीच झाली असती ती.

त्यानंतर मी चौकशीच्या नादाला लागले. काकू आल्या की त्यांच्या टेबलाशी जायचे आणि आडून आडून विचारायचे. परवा तिनं काय घातलं होतं? केस मोकळे होते की वेण्या? काकूंना गंमत वाटायची. "आपल्याच मुलीचं मला विचारतेस?" मी म्हणायचे, "कामाच्या गडबडीत लक्ष राहत नाही हो." मंगळवारी रात्रीपासून फोन हातात धरून बसायचे. कुणीतरी लिहायचं, 'क्रस्ट कुरकुरीत, मशरूम ताजे, मालकिणीची मुलगी कविता म्हणून दाखवते.' कुणी लिहायचं, 'पार्सलला उशीर. पण छोटीनं गोष्ट सांगितली म्हणून माफ.' पिझ्झ्याचं काय लिहिलंय ते मी वाचतच नसे.

मी असले की त्या दोघी येत नाहीत, हे मला लवकरच उमगलं. बुधवार, गुरुवार, शनिवार, माझ्या काउंटरवरच्या दिवसांबद्दल कुणी काही लिहीत नसे. म्हणून मी दुकानापासून लांब राहायला लागले. शुक्रवारी माहेरी इचलकरंजीला जायला सुरुवात केली. मग रविवार संध्याकाळ. भरतेशनी एकदाही अडवलं नाही. उलट म्हणायचे, "जा की. विश्रांती घे. मी बघतो इकडचं." मला ते किती समजूतदार वाटायचे!

शुक्रवारचे अभिप्राय आले. रविवारचे आले. 'छोटीचा नवा दात डोकावतोय.' ते वाचून मी बसमध्ये पदर तोंडाला लावून रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "मुलीला दात आला." ती म्हणाली, "अगबाई, मग रडता काय?"

मार्चमधल्या एका मंगळवारी मी कोल्हापूरला गेलेच नाही. एसटी स्टँडवर स्कूटर लावली, गाडी लागलेली बघितली आणि मागे फिरले. उन्हासाठी सनकोट घातला होता, डोकं आणि तोंड स्कार्फनं गुंडाळलं होतं. फक्त डोळे उघडे. आमच्या दुकानासमोर औषधाचं दुकान होतं, त्याच्या पायरीवर जाऊन उभी राहिले.

दुपारची वेळ. काचेवर रस्त्याचं प्रतिबिंब पडलेलं, तरी आतलं दिसत होतं. दोन-तीन टेबलं भरलेली. लोक मान वर करून कुणाशी तरी बोलत होते. एका टेबलावरची माणसं एकदम हसली. मला त्यांचे हसरे चेहरे दिसत होते आणि त्यांच्यासमोर काहीच दिसत नव्हतं. कॅमेऱ्यात नव्हतं तसंच. मी डोळे ताणून ताणून बघत राहिले. काचेच्या खालच्या बाजूला, मुलाचं नाक टेकेल अशा उंचीवर, वाफेचा एक छोटा गोल उमटला. पुसला गेला. परत उमटला.

मी हात वर केला. का केला ते मला माहीत नाही. तो गोल तेवढ्यात विरला.

जरा वेळानं एक मुलगी बाहेर आली. विशी-बाविशीची, हातात पार्सलची पिशवी. रस्ता ओलांडून ती माझ्याच बाजूला आली आणि रिक्षाची वाट बघत उभी राहिली. माझ्यानं राहवेना.

"कसा असतो हो इथला पिझ्झा?"

"मस्त असतो. महागही नाही," ती म्हणाली. "आणि मालकीण इतकी गोड आहे ना! तिची मुलगी तर विचारू नका. आत्ता काय झालं माहितीये? ती काचेला नाक लावून बाहेर बघत होती. आईला म्हणाली, 'आई, ती तोंड बांधलेली बाई आपल्याकडे का बघतेय?'"

"मग?"

"मग काय, तुम्हालाच म्हणत होती ती!" मुलगी हसली. "तिची आई आली, तिनंही बघितलं तुमच्याकडे. चांगलं बराच वेळ बघितलं. आणि म्हणाली, 'कुणी नाही गं. चल, हात धू.'" तिनं येणाऱ्या रिक्षाला हात केला. "जा की आत. बिचकू नका. खूप चांगली माणसं आहेत."

रिक्षा गेली. मी पायरीवर तशीच उभी. कुणी नाही. माझ्याच आवाजात ती हे म्हणाली असणार. आणि खोटं काय होतं त्यात? मंगळवारी मी नव्हते, शुक्रवारी नव्हते, रविवारी नव्हते. उरलेले दिवसही मी कुठं होते? त्या उन्हात मला पहिल्यांदाच खरी भीती वाटली. वाटलं, अशीच आणखी थोडे दिवस उभी राहिले तर मला रस्ता ओलांडताच येणार नाही.

मी स्कार्फ सोडला आणि रस्ता ओलांडला. मागून कुणीतरी जोरात हॉर्न वाजवला. दार ढकललं.

आत ओव्हनची ऊब आणि भाजलेल्या चीजचा वास. भरतेश काउंटरच्या बाहेर, जमिनीवर उकिडवे बसले होते. तळहातावर कणकेची एक छोटीशी चिमणी होती आणि ती ते कुणाला तरी दाखवत होते. इतकं मोकळं हसू मी त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. दार वाजल्यावर त्यांनी मान वर केली. माझ्या उघड्या चेहऱ्याकडे सरळ बघितलं.

"या," ते म्हणाले. "किती जण?"

मी दार धरून तिथंच उभी राहिले.

"किती जण आहात?" त्यांनी पुन्हा विचारलं. गिऱ्हाइकाला विचारतात त्याच सुरात.

"अहो, मी आहे," मी म्हटलं. "पद्मा."

मग ते हसू त्यांच्या चेहऱ्यावरून उतरत गेलं. त्यांनी झटकन समोर बघितलं, त्या चिमणीच्या पलीकडे. मग मागच्या दाराकडे. मग तळहाताकडे. कडेच्या टेबलावरचा माणूस पिझ्झा तोंडाशी धरून माझ्याकडे बघत होता. "आत्ता तर आत गेलात तुम्ही मॅडम," तो म्हणाला. "बाहेरून कशा आलात?"

गिऱ्हाइकं गेल्यावर भरतेशनी मल्लाप्पाला सुट्टी दिली आणि शटर अर्धं ओढलं. आम्ही कोपऱ्यातल्या टेबलाशी समोरासमोर बसलो.

"तुम्हाला दिसतात त्या," मी म्हटलं.

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या मंगळवारपासून."

"आणि मला वेड्यासारखं सांगत राहिलात की चुकून टाकलं असेल, काकूंचं वय झालंय. मी इचलकरंजीला जाते म्हटलं की पिशवी भरून द्यायचात. मला का नाही सांगितलं?"

ते टेबलावर नख ओढत राहिले. "तू थांबली असतीस," ते म्हणाले. "बघायला म्हणून थांबली असतीस. आणि तू थांबलीस की ती येत नाही."

मला इतका संताप आला की मी उठून उभी राहिले. माझी मुलगी. महिनोन् महिने मी परक्यांच्या चार ओळींतून तिचे दात मोजत होते आणि हे दर खेपेला तिला डोळ्यांनी बघत होते. मला किंचाळायचं होतं. पण त्यांचा चेहरा बघून मी परत बसले.

"कशी आहे?" मी विचारलं.

"माझ्या आईवर गेलीय. तसंच कपाळ. बोलते मात्र तुझ्यासारखी. म्हणजे तू बोलायचीस तशी. पद्मा, ती मला काका म्हणते."

मला कळलं नाही. "काका?"

"ओव्हनवाले काका. ती बाई, म्हणजे तू, मला दादा म्हणते. 'दादा, दोन मार्गारिटा लावा,' असं. त्यांच्या घरात मी नाही. एकदा मी छोटीला विचारलं, तुझे बाबा कुठं असतात? तर म्हणाली, 'मी झाले ना, तेव्हा बाबा मला बघायला गाडीवरून येत होते. पावसात. पोचलेच नाहीत.' अगदी सहज म्हणाली. मग मला चिमणी करायला सांगितली."

बाहेर कुणीतरी शटरवर टकटक करून विचारलं, चालू आहे का? भरतेश म्हणाले, "नाही." पावलं निघून गेली.

"तरी तुम्ही दर मंगळवारी..."

"काका तर काका," ते म्हणाले. "बघायला मिळत होती ना."

मी त्यांचे हात हातात घेतले. भाजल्याचे जुने डाग, नखांत पीठ. हा माणूस त्या पावसातून आला होता. दवाखान्याच्या पायऱ्या चढून, चिखलानं भरलेल्या पायांनी आला होता. ते आले आणि ती गेली, यातलं ती गेली एवढंच मी इतकी वर्षं धरून बसले होते. पहिलं अर्धं मी कधी मोजलंच नव्हतं.

"तू म्हणशील तसं," ते म्हणाले. "तू जात राहिलीस तर मी सगळं सांगेन तुला. रोजचं रोज. काही लपवणार नाही."

त्यांच्या आवाजात इतकी आशा होती की मला ऐकवेना.

त्या आठवड्यात आमच्यात त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही. मंगळवार उजाडला. मी आवरलं. ते दाराशी स्कूटरची किल्ली घेऊन उभे होते.

"स्टँडवर सोडू?"

"कोल्हापूरवाल्याला फोन केलाय," मी म्हटलं. "तो इथून पुढं माल टेम्पोनं पाठवील. चला, उशीर होतोय."

ते किल्लीकडे बघत राहिले. मग मान हलवली आणि निघाले.

दुपारी गिऱ्हाइकं आली. मी काउंटरच्या बाहेर आले. पहिल्या टेबलापाशी गेले. "चीज पुरलं का?" एवढं कसंबसं विचारलं. त्या माणसानं वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर ओळख होती आणि थोडी निराशाही. हा काहीतरी शोधत होता आणि ते माझ्यात नव्हतं, हे मला कळत होतं. तरी मी पुढच्या टेबलाशी गेले. त्या दिवसानंतरचे अभिप्राय मी आजही कधी कधी काढून वाचते. 'मालकीण पूर्वीइतकी बोलत नाही. बहुतेक बरं नसावं. पिझ्झा तसाच छान. तीन तारे.' योग्यच दिले होते.

इनामदार काकू नेहमीच्या वेळी आल्या. पनीर पिझ्झाचे मी स्वतः बारीक तुकडे केले आणि त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी नॅपकिन उचलला, पसरला, आणि चौफेर नजर फिरवली.

"आज छोटी दिसत नाही कुठं?"

माझ्या पाठीमागं भरतेश काम करता करता थांबले. ते मला न बघताही कळलं.

"शाळा दिवसभराची झाली आता तिची," मी म्हटलं.

"अगंबाई! म्हणजे मोठी झाली की."

"हो, काकू. मोठी झाली."

मागे ओव्हनचं दार उघडल्याचा आवाज आला. ते बंद केल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.